जादाची बांगडी

पाटणच्या पेठेत शाहजादी मणेर कोण म्हणून विचारलंत, तर बरेच जण हात धरून तुम्हाला घरापर्यंत नेतील. पण काही जण तुमच्या तोंडाकडं बघत उभे राहतील. ज्या घरांत तिनं लेकीसुनांना बांगड्या भरल्या, त्यातल्याच काही घरांत "कोण गं बाई ही?" असं ऐकायला मिळेल. त्या माणसांवर रागावू नका. मी रागावलो होतो, पण सगळं कळल्यावर राग गेला.

बाई मूळची मेढ्याची. लग्न होऊन पाटणला आली ती चांदसाहेब मणेराच्या घरात, आणि त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धंदा एकच, बांगड्यांचा. नवरा दुकानात बसायचा, सासू डोक्यावर टोपली घेऊन कोयनेचं खोरं फिरायची. सासूनं सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं, "काच कुणालाबी विकता येती. हात वळखता आला पायजे." शाहजादी असं शिकली की सासूच्या वरताण झाली. हात नुसता हातात घेतला की माप कळायचं. मग अंगठा आत दुमडायचा, बोटांची मुळं एकमेकांजवळ आणायची, बाईला माहेरच्या गप्पांत गुंतवायचं आणि काकण अलगद वर सरकवायचं. तोंडी एकच बोल, "हात सैल सोड, बाई. सैल." परक्या माणसाच्या हातात कुणी हात सैल सोडत नाही. हाडं आपोआप ताठ होतात आणि काच तिथंच वाढते. वाढते म्हणजे फुटते, पण मणेराच्या घरात तो शब्द उच्चारायचा नाही.

सासूचे दंडक दोन. बांगड्या भरून झाल्या की आपल्या पदरची एक जादाची घालायची, आशीर्वादाची, आणि ती घातल्याशिवाय हात सोडायचा नाही. मग ती बाई मणेरणीला वाकून नमस्कार करते. मणेरीण मुसलमान आहे म्हणून त्या नमस्कारात खोऱ्यातली एकही बाई कधी अडखळली नाही. दुसरा दंडक असा की एकीच्या हातातून उतरलेली बांगडी दुसरीच्या हातात चढवायची नाही. कुणाचं काय नशीब त्या काचेला चिकटलंय, कुणी सांगावं?

चांदसाहेब गेले. मुलगा अजीम टेम्पो घेऊन सांगलीच्या फेऱ्या मारू लागला आणि सून नूरीन दुकान बघू लागली. शाहजादीनं टोपली सोडली नाही. "बसले की गुडघं धरत्यात," म्हणायची. सुट्टी लागली की नात सुमैरा तिच्याबरोबर फिरायची. पोरगी तेरा वर्षांची, दादीचं शेपूटच. रात्री दादीच्या कुशीत झोपायची आणि दिवसा मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसायची. त्यात जपानी चित्रांच्या पोरी, केस निळे-गुलाबी, डोळे बशीएवढे. शाळेच्या पोरीला कुणीतरी एक जादूची वस्तू देतं, अंगावर झगमग कपडे येतात आणि ती जग वाचवते.

"काय गं हे कार्टून बघतीस सारखं?"

"कार्टून न्हवं दादी, अ‍ॅनिमे. ह्यांस्नी मॅजिकल गर्ल म्हणत्यात."

"जग वाचवायला पोरीच कशा सापडत्यात सगळ्यांस्नी? बापय कुठं गेलं?" दादी म्हणायची, आणि सुमैरा हसून लोटपोट व्हायची.

लगीनसराईचे दिवस होते. त्या उन्हाळ्यात खोऱ्यात जमिनीला लय हादरे बसत होते. कोयनेच्या माणसाला हादऱ्याचं कौतुक नसतं, पण त्या वर्षी वाड्यावस्त्यांवरच्या बायका पोरंबाळं घेऊन अंगणात झोपत होत्या. अशात दादी-नात कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर अनसूयेच्या घरी गेल्या. अनसूयेचा नवरा सांगलीला कारखान्यात कामाला. घरी ही, थोरली मयूरी आणि धाकटा राजस. पुतणीचं लग्न होतं म्हणून मयूरीला पहिल्यांदा हातभर बांगड्या भरायच्या होत्या. पोरगी सातवीत जाणारी, नुसती काडी, पण डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

हिरव्या बांगड्या भरून झाल्या. जादाची घालायला शाहजादीनं टोपलीत हात घातला, तर घाटातल्या वळणांनी एसटीत सुट्ट्या बांगड्यांचा पार चुरा झालेला. मयूरीच्या मापाची एकही धड नाही. तळाच्या गवतात बोटाला एकच लागली. निळसर काच, आतून सोनेरी रेघ. ती कुठून आली, शाहजादीला आठवेना. पण आतली कड गुळगुळीत होती. बोटांना तेव्हाच कळलं, ही कुणाच्या तरी हातातली आहे.

आता काय करावं? पोरीचा हात तिच्या हातात, सैल सोडलेला. आशीर्वाद न देता तो सोडायचा कसा? दोन दंडकांतला एक मोडायचाच होता. तिनं दुसरा मोडला आणि पहिला पाळला. करायला गेली एक आणि झालं भलतंच. बांगडी पाण्यासारखी सरकली आणि मयूरीनं वाकून नमस्कार केला.

पावसाळ्यात पुन्हा फेरी झाली तेव्हा मयूरी धावतच सामोरी आली. शाळेत वर्ग चालू असताना जमीन हादरली होती. पोरं किंचाळत बाहेर पळाली, ही मात्र पाय अडकून खाली पडली. हात जमिनीला टेकला आणि बांगडी उजळली. अंगावरचा विटका ड्रेस असा चमकला की डोळे दिपावेत, आणि जमीन गप्प. लहान लेकराच्या पाठीवर थोपटावं आणि ते झोपी जावं, तशी. मग घरी असताना आणखी एकदा तसंच झालं. वाडीतल्या कुणालाही साधं खरचटलं नाही.

सुमैरा नाचायचीच बाकी राहिली. "दादी! मॅजिकल गर्ल हाय ही! खरीखुरी!"

दोघी पोरी दिवसभर ओट्यावर बसून बांगडीकडं बघत होत्या. परतीच्या एसटीत मात्र सुमैरानं मोबाईलही बाहेर काढला नाही. घाट उतरताना म्हणाली, "दादी, त्या गोष्टी दोन तऱ्हेच्या असत्यात. एकीत सगळं गोड व्हतं. दुसरीत जादू देणारा सांगतच न्हाई, बदल्यात काय घेणार त्ये. पोरीला लय उशिरा कळतं."

"गप गं. देणारी मी हाय. मी काय घेती तिचं?" शाहजादी म्हणाली. पण त्या गुळगुळीत कडेची आठवण तिच्या बोटांतून जाईना.

दिवाळीच्या आधी ती नातीला घेऊन गेली तेव्हा अनसूया उंबऱ्यात बसून रडत होती. शाळेतल्या बाई समोर बसलेल्या मयूरीला गैरहजर मांडत होत्या. ओळख करून दिली की "हो का, बस हं बाळ" म्हणायच्या, नव्या पोरीला म्हणावं तसं. जिवाभावाची मैत्रीण नाव विचारत होती. आणि कहर म्हणजे सांगलीहून बापाचा फोन आला की तो फक्त राजसची चौकशी करायचा. अनसूया म्हणाली, "मी वरडले, आवं, मयूरी तुमची थोरली लेक! तर म्हणत्यात, हां, सांगतीयास तर असंल. असंल म्हणं! खांद्यावर बसवून जत्रा दावली हुती त्यांनी तिला."

सुमैरा खाली बसली आणि मयूरीला विचारू लागली, "शाळेत पडलीस तवा काय वरडलीस?"

"बाई, म्हणून."

"दुसऱ्या टायमाला?"

मयूरीनं मैत्रिणीचं नाव घेतलं. आणि शेवटच्या वेळी ती 'पप्पा' म्हणाली होती. घाबरलं की माणूस ज्याला हाक मारतं, त्याच्या काळजातून ती बांगडी हाक मारणाऱ्याला पुसून टाकत होती. सांगितलं तर नातं कळायचं, पण माया परत यायची नाही.

"मला म्हाईत हाय," मयूरी म्हणाली. "आता आईच राहिली. म्हणून मी तोंडात रुमाल धरून झोपती. हादरा बसला तर तोंडातून आई येऊ नये म्हणून."

जादू म्हणे! असली जादू चुलीत घाला. सातवीतल्या पोरीनं आईला आई म्हणायचं नाही म्हणून तोंडात बोळा कोंबायचा? हातच्या कांकणाला आरसा कशाला? ते शाहजादीनंच घातलं होतं, आशीर्वाद म्हणून.

"आण हात," ती म्हणाली.

आजवर अनसूयेनं साबण लावून, तेल लावून बघितलं होतं. बांगडी हलली नव्हती. शाहजादीच्या हातात ती मुकाट उतरली. घालणारीच्याच हातानं उतरायची होती. पण उतरली मात्र, आणि जमिनीतून घरघर सुरू झाली. फळीवरची भांडी वाजायला लागली. शाहजादीनं बांगडी पाट्यावर ठेवून वरवंटा घातला. पाट्याचा टवका उडाला, काचेला ओरखडाही नाही. घरघर वाढतच होती. आता तिच्या डोक्यात उजेड पडला. उन्हाळ्यात ही बांगडी टोपलीत पडून होती, आणि तेव्हाच खोरं सारखं हादरत होतं. ती कुणाच्या तरी हातात पाहिजे. आधी जिच्या हातात होती, जिच्या हातातून आपणच ती उतरवली असणार, त्या पोरीनं कधीतरी विश्वासानं आपल्यालाच 'मावशी' म्हणून हाक मारली असणार. म्हणून तर तिचं तोंडसुद्धा आठवत नव्हतं.

"मला भरा मावशी," अनसूयेनं हात पुढं केला.

"तू दोन लेकरांची आई. घाबरलीस की कुणाचं नाव घेशील? ह्यांचंच."

"मग मला," सुमैरा म्हणाली. "माझा हात बारीक हाय, बसंल." तिचे डोळे चमकत होते. सगळं कळत होतं, तरी चमकत होते. शाहजादीला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या चमकीची.

"हात मागं घे. मागं घे म्हणते न्हवं! पोरीला वळखणारी माणसं किती? मूठभर. मला आख्खं खोरं वळखतं. घालवायला माझ्याकडं लय हायत."

तिनं उजव्या हातानं आपलाच डावा हात धरला. हाडापेराची म्हातारी बाई, आणि बांगडी काडीएवढ्या पोरीच्या मापाची. दुसरं कुणी असतं तर जमलंच नसतं. तिनं अंगठा आत दुमडला, बोटांची मुळं एकावर एक दाबली आणि स्वतःलाच म्हणाली, "हात सैल सोड, शाहजादी. सैल." कट्‌ असा आवाज झाला. अनसूयेला वाटलं काच गेली. काच नव्हती, अंगठ्याचं हाड होतं. बांगडी मनगटावर बसली आणि भांडी वाजायची थांबली. ना झगमग कपडे आले, ना उजेड पडला. साठी ओलांडलेल्या बाईला असले सोस कोण पुरवतंय? मयूरीनं हंबरडा फोडून आईच्या गळ्याला मिठी मारली. "आई, आई, आई" म्हणत राहिली.

गेलेलं परत आलं नाही, पण नवं रुजू लागलं. बाई आता मयूरीला नावानं हाक मारतात, मैत्रीण पुन्हा मैत्रीण झाली. बाप सुट्टीला आला तेव्हा पाहुण्याच्या पोरीशी बोलावं तसा बोलत होता. जाताना मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

इकडं शाहजादीनं आपला कारभार मांडला. सकाळी चहा पिता पिता ती मनातल्या मनात नावं घोकायची. कधी काळी एकदाच बांगड्या भरलेल्या, लांबच्या गावच्या बायकांची. जमीन हलली, हात खाली टेकला की त्यातलंच एक नाव ओरडायचं. माणूस घाबरलं की आपल्यांचंच नाव तोंडात येतं, ते दातांखाली दाबायचं आणि परक्याचं काढायचं. सोपं नाही हो ते. पण हादरे बसत गेले आणि शाहजादी नावं देत गेली. गुंडाची सून गेली, हरिबाची म्हातारी गेली, कोयनानगरच्या भाऊसोची बायको गेली. पुढच्या फेरीला त्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "कुठल्या वं तुमी?"

"पाटणची. बांगड्या भरता का?"

घरी येऊन सुमैराला सांगायची, "आज एक नवं गिऱ्हाईक मिळालं." सुमैरा हसायची, पण दादी ओढणीनं डोळे पुसते हे तिला दिसायचं. हरिबाची म्हातारी लांबची नव्हती. शाहजादीच्या पहिल्या बाळंतपणानंतर तिनं तिला आपल्या घरी महिनाभर ठेवून घेतलं होतं. परकी नावं संपत चालली होती.

"दादी, माझं नाव घेऊ नकोस हां," सुमैरा एकदा म्हणाली. "काय बी झालं तरी."

"अल्ला करो, तुझं नाव घ्यायची येळ न येवो," दादी म्हणाली आणि तिला जवळ ओढलं.

अशी दोन वर्षं निघाली. मग एक दिवस, सकाळचीच वेळ. सुमैरा परड्यात भिंतीलगत कपडे वाळत घालत होती. शाहजादी मागच्या दारात बांगड्या निवडत बसली होती. हादरा आला तो मोठा आला. परड्याची जुनी दगडी भिंत पोट फुगवल्यासारखी पुढं आली, खाली पोरगी, हातात ओली चादर. शाहजादीच्या ओठांवर नाव तयार होतं, सकाळीच घोकलेलं. मेढ्याची एक लांबची बाई. तिनं हात जमिनीवर आपटला आणि तोंडातून निघालं ते,

"सुमे!"

जमीन थांबली. वरचे चार दगड तेवढे ढासळले, तेही सुमैरापासून हातभर अंतरावर. भिंत तशीच तिरकी उभी राहिली. धुरळा बसला. सुमैरा खाली पडली होती ती उठली, अंग झटकलं, आणि मागच्या दारात एक म्हातारी जमिनीला हात टेकून बसलेली बघून धावत आली.

"आजी, लागलं न्हाई न्हवं तुमाला?" ती म्हणाली. "थांबा, पाणी आणते."

शाहजादीनं पाणी घेतलं आणि पिऊनही टाकलं. काय करणार? पोरगी जिवंत होती, धडधाकट होती, समोर तांब्या घेऊन उभी होती. या एका गोष्टीवर ती पुढं कितीतरी दिवस जगली.

अजीमनं सांगितलं, नूरीननं सांगितलं, फोटो दाखवले. सुमैरानं सगळं ऐकून घेतलं, गुणाची पोर आहे ती. "बरं, दादी हायत त्या," म्हणाली. तेव्हापासून तिला अहोजाहो करू लागली. चहा आधी दादीला द्यायची, चप्पल उचलून ठेवायची. अंथरूण मात्र तिनं आईजवळ नेलं. ओळख नसलेल्या म्हातारीच्या कुशीत कोण झोपणार? शाहजादी रात्री कूस बदलायची, तेव्हा हात रिकाम्या जागेवर पडायचा.

ईद आली. आदल्या दिवशी नूरीन म्हणाली, "सुमैरा, दादींकडनं बांगड्या भरून घे." पोरगी लाजतच समोर येऊन बसली. परक्या बायकांसमोर बसतात तशी, दुपट्टा सावरून, गुडघे जवळ घेऊन. शाहजादीनं नवं डझन सोडलं. हजारो बायकांना सांगितलेला तो बोल तिच्या ओठांवर आला, हात सैल सोड.

पण तो सांगावाच लागला नाही. तिनं सुमैराचा हात हातात घेतला, आणि अंगठा आपोआप आत दुमडला गेला. बोटं जवळ आली. सगळा हात असा सैल पडला की त्यात हाड आहे की नाही असं वाटावं. चार वर्षांची असताना शिकवलं होतं तसा, अगदी तसाच. पोरगी तिकडं खिडकीकडं बघत होती, तिला पत्ताही नव्हता.

शाहजादीनं मान खाली घातली ती वर काढलीच नाही. एकेक बांगडी चढवत गेली. एकही वाढली नाही.

"आवं, तुमी रडताय का?" सुमैरा म्हणाली. मग तिनं स्वतःच्या गालाला हात लावला आणि चकित होऊन बघत राहिली. गाल ओला होता. "आनि मला काय झालं?"

"काच लागली का गं?"

"न्हाई. कशानं आलं कुणास ठाऊक." पण हात तिनं काढून घेतला नाही. जरा वेळानं म्हणाली, "तुमचा हात लय हलका हाय. दुखतच न्हाई."

डझन संपलं. शाहजादीनं जादाची बांगडी नव्या पुडीतून काढली, उजेडात धरून बघितली, आतल्या कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. कोरी होती, कुणाच्याही हातातली नव्हती. ती चढवली आणि मगच हात सोडला. सुमैरानं दुपट्टा डोक्यावर घेतला आणि वाकून सलाम केला.

"ही जादाची कशाला?" तिनं विचारलं.

"रीत हाय आमची," शाहजादी म्हणाली. "बस जरा. सांगते."

सुमैरा उठली होती, ती पुन्हा खाली बसली. या खेपेला जरा जवळ.